क्लिपा

मला मदत केली ती स्टोअरवाल्या काकांनी. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सांगायला लागलो की माझं डोकं भलतीकडे जातं आणि त्यांचं नाव मागे राहतं.

सकाळी उठल्याउठल्या काका कुणाशी बोलत नसत. दोन कानांचा पत्र्याचा मग भरायचे आणि बेसिनवर उभं राहून उजव्या हातावर पाणी, मग डाव्या, परत उजव्या, असं आलटून पालटून घालायचे. ओठांतल्या ओठांत काही म्हणायचे आणि मग आमच्याकडे वळायचे, "हां, आता बोला." इथं आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या खोलीत माणसं आठ आणि बेसिन एक. मागून ओरडा व्हायचा. "ओ काका, यल्ला, आटपा! हात धुताय का लग्न लावताय?" काका म्हणायचे, "रात्रीचं बोटांवर बसलेलं असतं. ते न उतरवता तुमच्यात आलो तर तुमच्याच ताटात पडेल."

तुम्हीही असा एखादा माणूस बघितला असेल, ज्याला सगळेच आपला समजतात. ते डुकराच्या मांसाला शिवत नसत म्हणून रत्नागिरीची मुसलमान पोरं त्यांना आपलं मानायची. नाव बायबलातलं म्हणून केरळचे ख्रिस्ती मानायचे. मराठी बोलतात म्हणून मी. एकदा मी विचारलंच. म्हणाले, "मी शनवार तेली, अलिबागेकडचा. आमची माणसं तेलाचा घाणा चालवायची आणि शनिवारी बैल सोडायची. घाणा गेला, बैल गेला, शनवार तेवढा राहिला." आमची सुट्टी रविवारी, त्यांनी साहेबाशी भांडून शनिवारची घेतलेली. ते ज्यू आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आता काय झालं ते.

मी परांची बांधणाऱ्या गँगमध्ये होतो. आठवीतून शाळा सुटली, तेव्हा दुसरं काय येणार? उंचावर दोघांनी मिळून चढावं लागतं. एकानं पाइप धरायचा, दुसऱ्यानं आवळायचा. माझ्या पहिल्या जोडीदाराची बोटं पाइपाखाली चिरडली, तो गावी गेला. दुसरा नांदेडचा मारुती. एका पाइपवरून दुसऱ्यावर जाताना त्यानं पट्ट्याचा हूक काढला आणि त्याच वेळी फळी सरकली. मी हात पुढे करेपर्यंत खालून आवाज आला.

माझा दोष नाही असं फोरमननंही सगळ्यांसमोर सांगितलं. पण खोलीत एक शब्द फिरायला लागला. पनवती. कुणीतरी थट्टेत काढला असेल. मग माझ्या शेजारचं ताट थोडं लांब सरकलं, दुसऱ्या दिवशी आणखी लांब. फोरमननं गँगला विचारलं, "इसके साथ कौन चढ़ेगा?" सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. मला स्टोअरमध्ये टाकलं. "पार्टनर मिला तो ठीक. नहीं तो खलास, घर जाओ."

घरी जायची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की शब्द खरा असला तर? आई एकटी आहे चंदगडला. तिच्या दारात मी हे घेऊन जायचं?

स्टोअरमध्ये काका मला बघत बसले. मी त्यांच्यापासून लांब, पोत्यावर. थोड्या वेळानं म्हणाले, "क्लिपा आहेत रे सगळ्या. क्लिपा काढायला पाहिजेत."

पाइप पकडायच्या लोखंडी क्लॅम्पला आमच्या गँगमध्ये क्लिप म्हणतात. मी उठलो, मागून बादली भरून क्लिपा आणल्या आणि त्यांच्या पायाशी ओतल्या. म्हटलं, "ह्या काढल्या. अजून पाहिजेत?"

काका इतके हसले की खोकला लागला.

"अरे ह्या नव्हेत! हा आमचा शब्द आहे. क्लिपा म्हणजे टरफल." तरुणपणी ते काही वर्षं इस्रायलमध्ये बहिणीकडे होते, एका बेकरीत. तिथं मोरोक्कोचा एक म्हातारा कणीक मळता मळता त्यांना सांगायचा. "मला अर्धंमुर्धंच कळलं बघ. देवाचा उजेड भांड्यांत मावला नाही. भांडी फुटली, उजेड कणाकणानं सांडला, आणि कणांभोवती टरफल धरलं. वाईट म्हणतात ते हेच. त्याला स्वतःचा जीव नसतो. आतल्या कणावर जगतं, बांडगुळासारखं."

मी म्हटलं, "काजूसारखं?"

"कसं?"

"आई काजूच्या फॅक्टरीत बिया फोडते. टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. राख लावून बसते तरी बोटं काळी ती काळीच."

काका खुर्चीतून पुढे सरकले. "आणि गर?"

"गर पांढरा."

"मग? तुला चिकटलंय ते टरफलाचं तेल. मारुतीच्या मरणाचं. तो गर नव्हे."

मला बरं वाटलं, पण थोडाच वेळ. मी काजूच्या गावचा. मी विचारलं, "काका, कधी कधी बी फोडली तर आत काहीच नसतं. पोचट निघते. तसं असलं तर?"

त्यांनी एक क्लिप उचलली, तिचा बोल्ट फिरवत राहिले. "माहीत नाही रे," म्हणाले. "मीसुद्धा अजून फोडतोच आहे."

त्या दिवसापासून रात्री ते ताट घेऊन माझ्या शेजारी बसायचे आणि माझ्याच वाटीतली डाळ घ्यायचे. कुणीतरी म्हणायचं, "काका, जपून हां." काका म्हणायचे, "तिखट जास्त आहे, तेवढंच जपतो."

मग त्यांचा खोकला वाढला. मेडिकल तपासणीत फुप्फुसावर काहीतरी निघालं. खोलीत सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी माझं अंथरूण दाराशी नेलं आणि त्यांच्या खाटेकडे बघायचं सोडलं.

एका सकाळी हाक आली. "ए पनवती!" हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. "इकडे ये. हा मग मला आता उचलवत नाही. पाणी घाल."

"काका, माझ्या हातानं नको."

"तुझ्याच हातानं. यल्ला."

मी पाणी घातलं. उजव्यावर, डाव्यावर. सगळी खोली बघत होती. ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, हात पुसले आणि म्हणाले, "हां, आता बोला."

त्यांना व्हीलचेअरवरून विमानात चढवलं. जाताना त्यांनी तो पत्र्याचा मग माझ्याकडे दिला. पुढे पावसाळ्यात त्यांच्या पुतणीचा व्हॉइस मेसेज आला. मी तो पूर्ण ऐकला नाही, पहिल्या वाक्यातच कळलं.

माझ्याबरोबर अजून कुणी चढत नाही. व्हिसा संपत आलाय. सकाळी मी त्या मगातून हातावर पाणी घालतो. त्यांचे शब्द मला येत नाहीत, म्हणून नुसताच गप्प उभा राहतो. गंज धुऊन जातो. दुसरं काही जातं का, ते कळत नाही. मारुती गेला तेव्हा कुणीतरी मला शिक्षा द्यावी असं वाटायचं, काका गेल्यावर तेही वाटेना.

त्यांनी सांगितलं होतं, त्यांच्यात कबरीवर दगड ठेवतात आणि निघताना हात धुतात. काका, हे तुमचं देणं माझ्यावर आहे. एक दिवस अलिबागेला येईन, आईला घेऊन येईन. तिच्या काळ्या बोटांनी ती दगड ठेवेल, आणि मग तिच्या हातांवर मी पाणी घालीन. माझ्या हातानं.