रग्बीत कोणी आऊट नसतं

रत्नागिरीत "मी रग्बी खेळते" असं एकदा बोलून बघा. समोरचा माणूस हातातलं काम ठेवतो आणि प्रश्न विचारतो. रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "म्हणजे ते घोड्यावर बसून?" पार्लरवाल्या ताईने कात्री थांबवून विचारलं, "चेंडू असा चेपलेला का असतो गं?" एका लग्नात तर साक्षात भटजींनी मंगलाष्टकांच्या आधी विचारलं, "पण तुम्ही एकमेकींना पाडता, ते मुद्दाम की चुकून?"

प्रत्येक प्रश्नाला उत्तर देता देता एक किस्सा तयार होतो. असे इतके साठलेत की आता कोणाला कुठला सांगितला होता तेच आठवत नाही!

माझा स्वतःचा प्रश्न मात्र एकच. देशाच्या टीमच्या कॅम्पसाठी पोरी निवडतात त्या नेमकं काय बघून? यंदाच्या आधी मी दोनदा ट्रायल देऊन हात हलवत परत आले होते. धावते बरी, पासही बरा आहे, मग अडतं कुठे? रात्रंदिवस डोक्यात तेच.

बाकी आमची टीम भाट्याच्या किनाऱ्यावर तयार झाली. शिवगण सर आमचे कोच. ते मूळचे कबड्डीवाले, त्यामुळे त्यांनी गोळा केलेल्या पोरीही बहुतेक कबड्डीतल्याच. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

*

संगमेश्वरकडची सुप्रिया आमच्यातली सगळ्यात दणकट. कबड्डीत तिला धरायला चौघी लागायच्या. टीमची पहिलीच मॅच पुण्याला होती. सुप्रिया चेंडू घेऊन सुटली, समोरच्या दोघींनी तिला कमरेला मिठी मारून पाडलं. चेंडू आमच्याकडेच राहिला, खेळ चालू.

सुप्रिया उठली, गुडघ्याची माती झटकली आणि शांतपणे लाइनीबाहेर जाऊन मांडी घालून बसली.

सातजणींच्या खेळात आम्ही सहाजणी! सरांना वाटलं पाय मोडला. बर्फाची पिशवी घेऊन धावले.

"काय लागलं?"

"काय नाय, सर."

"मग बाहेर का बसलीस?"

"धरली ना त्यांनी मला. आऊट! आता आपल्यातली कोणीतरी त्यांची एक मारेल, मग मी जिवंत होऊन आत जाईन."

सरांनी बर्फाची पिशवी जमिनीवर आपटली. "अगं, ती कबड्डी! रग्बीत कोणी आऊट नसतं! पडलीस की चेंडू सोडायचा, उठायचं, परत खेळायचं!"

सुप्रियाने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग धरतात कशाला?"

त्या दिवशी सगळ्यात जास्त मी हसले. पुढे वर्षभर कोणीही नवीन आलं की मी सुप्रियाची ती मांडी करून दाखवायचे.

*

स्क्रम म्हणजे काय ते आधी सांगते. दोन्हीकडच्या तिघी-तिघी वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकींना रेटतात. मध्ये चेंडू. लांबून बघणाऱ्याला नुसत्या पाठी दिसतात.

एकदा ओहोटीच्या वेळी भाट्याला आमची हीच प्रॅक्टिस चालू होती. कर्ल्याची रुबीना माझ्या शेजारी. फिरायला आलेले एक आजोबा जवळ येऊन उभे राहिले.

"काय पडलं गो?"

आमची डोकी खाली, दात आवळलेले. कोण उत्तर देणार? आजोबांना काळजी वाटली असणार. त्यांनी धोतर सावरलं, उकिडवे बसले आणि वाळू चाळायला लागले. ते बघून आणखी दोघं आले. मग मुंबईचं एक कुटुंब आलं. आम्ही सरळ उभ्या राहिलो तर आजूबाजूला ही जत्रा!

"काय शोधताय?" रुबीनाने विचारलं.

"ते तुम्हालाच ठाऊक!" आजोबा जरा रागानेच म्हणाले. "आम्ही आपले हात लावतोय."

तेवढ्यात मुंबईच्या वहिनी ओरडल्या, "सापडलं!" त्यांच्या चिमटीत खरंच एक कानातलं होतं! आम्ही कोणीच कानात काही घालून खेळत नाही. पण "आमचं नाही" म्हणायची कोणाची छाती होईना. आजोबा इतके खूश झाले होते! शेवटी रुबीनाने "थँक यू" म्हणून घेतलं. ते बरेच दिवस सुरूच्या फांदीला लटकत होतं, मालकिणीची वाट बघत.

*

हातखंब्याला एसटीत चढले तेव्हा माझा डावा डोळा काळानिळा होता. आदल्या संध्याकाळी सुप्रियाचं कोपर लागलेलं. शेजारच्या काकी बराच वेळ चोरून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही.

"कोणी मारलं गो, बाय?"

"सुप्रियाने."

"सुप्रिया कोण? नणंद?"

मला हसू आवरेना. म्हटलं, बघू कुठवर जातंय. "नाही हो, मैत्रीण."

"रोज मारते?"

"नाही, नाही. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार."

काकींनी पदर तोंडाला लावला. "आणि तू काय करतेस?"

"मीपण मारते की!"

काकी उठल्या. मला खिडकीची जागा दिली आणि जाऊन पुढच्या सीटवर बसल्या.

*

आमची आई आंब्याच्या कॅनिंगमध्ये कामाला आहे. हजार फोडींतली डागाची फोड तिला लांबून दिसते. तिने बरीच वर्षं माझी मॅच बघितली नव्हती. मग एकदा शहरात मॅच होती तेव्हा डबा घेऊन आली आणि सरांच्या शेजारी ठाण मांडून बसली.

मॅच संपल्यावर सगळ्यांच्या देखत तिने सरांना विचारलं, "सर, एक विचारू? ह्यांना जायचं असतं पुढे. मग चेंडू मागे का टाकतात?"

रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही, फक्त मागे किंवा आडवा टाकता येतो. आम्हाला ह्याची इतकी सवय झालेली की 'का' हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आम्ही सगळ्याजणी सरांकडे बघायला लागलो. सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"कसं आहे वहिनी," ते म्हणाले, "चेंडू ज्याच्या हातात असतो ना, त्याच्या पुढे आपलं कोणी नसतं. आपले सगळे मागे असतात."

आईने डब्याचं झाकण लावलं. "मग उभं करा की कोणीतरी पुढे!"

सरांनी टोपी परत काढली.

*

मोठ्या स्पर्धांत मॅचआधी प्रत्येक टीम गोल करून आरोळी देते. कोणी इंग्लिश, कोणी पंजाबी. आमच्याकडे आरोळीच नव्हती. सर म्हणाले, "काहीतरी म्हणा, पण जोरात म्हणा!"

सुप्रियाच्या गावात तिचे वडील देवापुढे गाऱ्हाणं घालतात. तिला ते तोंडपाठ. तिने हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं परमुलखात खेळायला उभी हायत..."

"होय म्हाराजा!" आम्ही.

"कोणाचा हात मोडू नको, कोणाचा पाय मोडू नको..."

"होय म्हाराजा!"

"समोरच्यांचापण मोडू नको, पण त्यांना जरा दम लागू दे..."

"होय म्हाराजा!" ह्यात सगळ्यात मोठा आवाज रुबीनाचा. पार गेटपर्यंत जाईल असा!

"आणि ह्या पंचाला बरी बुद्धी दे रे म्हाराजा!"

पंच बाई पंजाबच्या. त्या मुद्दाम जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बहुत अच्छा है। मतलब क्या है?"

सर पटकन म्हणाले, "मॅडम, आपके लिए भी दुआ मांगी है।"

*

आता शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

यंदा देशाच्या कॅम्पच्या ट्रायलला आमच्या टीममधून दोघी गेलो, सुप्रिया आणि मी. सोबत सर. माझी ही तिसरी वेळ, तिची पहिली. ट्रेनमध्ये मीच तिला सगळं शिकवत होते, ट्रायलला कसं वागायचं, कोणाच्या नजरेत कसं यायचं. जणू मला दोनदा निवडलंच होतं!

खेळ माझा चांगला झाला. खरंच चांगला. खोटं का बोलू? शेवटच्या दिवशी मी जीव तोडून धावले, एकही पकड सोडली नाही. मनात धरूनच चालले होते, ह्या वेळी आपलं नाव येणार.

संध्याकाळी सगळ्यांना मैदानाच्या कडेला बसवलं. एक मॅडम मोठ्याने नावं वाचायला लागल्या. नाव आलं की पोरीने उठून पांढऱ्या लाइनीच्या आत जाऊन उभं राहायचं. सुप्रियाचं नाव आलं. ती उठलीच नाही. माझ्याकडे बघत बसली. मी तिला ढकललं तेव्हा आत गेली.

मग मी ऐकत राहिले. प्रत्येक नावाला वाटायचं, पुढचं आपलं. मॅडमनी हातातल्या कागदाची घडी केली तेव्हाही वाटलं, मागच्या बाजूला असेल.

टाळ्या झाल्या, मीपण वाजवल्या. बॅग उचलली आणि गेटकडे निघाले. कोणी बोलायला यायच्या आत मला तिथून जायचं होतं.

"दर्शनाऽऽ!"

सुप्रियाचा आवाज, माझ्या नावाने. आतून. निवडलेल्या सगळ्या पोरी एका ओळीत गप्प उभ्या, समोर निवडणाऱ्या मॅडम, आणि ही बया कमरेवर हात ठेवून संगमेश्वरीत कोकलतेय!

"अगो, चाललीस कुठं? आऊट झालेली घरी जात नाय! लायनीभायेर बस! मी एक मारतंय, मंग तू आत!"

मॅडमनी शेजारच्या पोरीला विचारलं, "क्या बोल रही है ये?" तिला तरी काय कळणार?

मी गेटपाशी उभी होते. बॅग खांद्यावर, गेट उघडं. काय झालं मला माहीत नाही. मी परत फिरले, लाइनीच्या अगदी बाहेर बॅग ठेवली आणि मांडी घालून बसले. जशी मी नवीन पोरींना करून दाखवायचे, अगदी तशीच.

लांबून शिवगण सर तरातरा येताना दिसले. आता ते काय ओरडणार ते मला पाठ होतं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, तोंड उघडलं. आत उभ्या असलेल्या सुप्रियाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"सरक जरा," म्हणाले, आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले.