घोट्याइतकं पाणी

चिखलीजवळच्या एका खेड्यात सहदेव विहिरी खोदायचा. पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. काठावरून खडा टाकून किती हातांवर पाणी आहे ते सांगायचा, आणि दोर सोडून पाहिलं तर वीतभराचाही फरक निघत नसे. तोराही तसाच. "पाणी माह्याशी खोटं बोलत नाही," असं चारचौघांत ऐकवायचा.

गेल्या वर्षी जानेवारीत त्याचा मुलगा रवी, पुण्यात नोकरीला होता तो, पाठीवर सॅक टाकून दोन दिवसांसाठी अलिबागला गेला. समुद्र त्याने पहिल्यांदाच पाहिला. दुपारी त्याचा फोन आला.

"बाबा, ओहोटी हाय. समुद्रातल्या किल्ल्यात चालत जाता येते. पाणी घोट्याइतकंच हाय. जाऊ काय?"

सहदेव खो खो हसला. "विहीर खोदणाऱ्याचा पोरगा न् घोट्याइतक्या पाण्याले भेऊन राह्यला? जाय बे, बिनधास्त!"

आमच्याकडे होळीनंतर पाणी फक्त खाली जातं. समुद्राचं गेलेलं पाणी सहा तासांत परत येतं, हे त्या शहाण्याला कुणी सांगायचं? किल्ल्यात रवीला उशीर झाला. परतीच्या वाटेवर तो बुडाला.

त्यानंतर सहदेव विहिरीत उतरला नाही. काठाशी उभा राहिला की तळातून आवाज यायचा, "जाऊ काय, बाबा?" पुढे पुढे रांजणात तांब्या बुडवला तरी यायचा. फोनवर काय बोलणं झालं ते त्याने बायकोला, जनकाबाईला, सांगितलं नव्हतं. ती रडायला लागली की हा चोरासारखा बाहेर जाऊन उभा राहायचा.

वर्ष झालं तेव्हा त्याने रवीचीच सॅक पाठीवर घेतली आणि अलिबाग गाठलं. रवी उतरला होता तिथेच, एकावर एक खाटांच्या स्वस्त खोलीत, दोन दिवस राहिला. "काका, एकटेच फिरता? भारी!" खोलीतली पोरं म्हणायची. तो मान हलवायचा. सॅकच्या कप्प्यात अजून वाळू होती. ती त्याने झटकली नाही.

पहिला दिवस त्याने नुसतं पाणी जाताना आणि येताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो किल्ल्याकडे चालायला लागला. पाणी घोट्याला होतं. अर्ध्या वाटेवर तो थांबला. किल्ल्यातून माणसं परत आणणारा घोडागाडीवाला ओरडला, "काका, भरती लागली, मागे फिरा!" सहदेव हलला नाही. परत जावंसं त्याला खरंच वाटत नव्हतं. मात्र मनावरचं ओझं घेऊन जायचं नव्हतं, म्हणून त्याने घरी फोन लावला.

"जनका, त्याले मीच जाय म्हनलं होतं. हासलो होतो मी त्याले."

"मले माहीत हाय," जनकाबाई म्हणाली. "भाकरी थापून राह्यली होती मी. फोन इस्पीकरवर होता तुमचा."

"मंग वर्षभर बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? तुमच्यासंगं मीबी हासलीच होती."

सहदेवला उभ्या उभ्या रडू फुटलं.

"आता किती हाय पाणी?" तिने विचारलं.

"गुडघ्याले लागलं."

"त्याले म्हनाचं राहून गेलं," ती म्हणाली. "तुमाले म्हनते. मांगं फिरा."