शिलाई न शिकलेल्या चाळीस जणी

फेब्रुवारीची बारा तारीख, सोमवार, सकाळचे साडेदहा. पोलीस ठाण्यात मी, तिथला प्रभारी अधिकारी, शिवाय ठाणे अंमलदार, एक महिला हवालदार आणि झरी गावाहून आलेली तिशीची एक बाई. गेलेली रक्कम : निरंक. ही नोंद मी विसरू शकत नाही, कारण त्या निरंकपायीच तक्रार परत जाणार होती.

"बाई, पैसा गेला न्हाई, दागिना गेला न्हाई. मग लिहू काय?" अंमलदार विचारत होता.

"माझं नाव गेलंय. ते लिवा की," ती म्हणाली.

मी तिला आत बोलावलं. नवरा वारलेला, पदरी दोन मुली, पोट रोजंदारीवर. परभणीत रुग्णसेवेचं सहा महिन्यांचं मोफत सरकारी प्रशिक्षण सुरू होणार होतं आणि त्यानंतर दवाखान्यात काम मिळणार होतं. ती अर्ज भरायला गेली, तर संगणकावर दिसलं की तिचं शिलाईचं प्रशिक्षण आधीच पूर्ण झालंय. अशा योजनेचा लाभ एकदाच. मुदत संपायला नऊ दिवस होते.

"शिलाई येते का?"

"बटन लावता येतंय साहेब. तेवढंच."

दोन वर्षांपूर्वी जिंतूरचा एक प्रशिक्षण केंद्रचालक त्यांच्या वस्तीत आला होता. चाळीस बायांची आधार कार्डं आणि अंगठे घेतले, बुद्धविहारासमोर मशिनींवर बसवून फोटो काढला. फोटो झाला तशा मशिनी टेम्पोत चढल्या. वर्ग भरलाच नाही. अनुदान मात्र उचललं गेलं.

गुन्हा नोंदवून मी चालकाला बोलावलं. तो हजेरीपट, प्रमाणपत्रं, तो फोटो, सगळं घेऊन आला.

"बाया खोटं बोलायल्यात साहेब. दुसऱ्यांदा लाभ लाटायचाय त्यांना."

हजेरीपट मी दोनदा वाचला. नव्वद दिवस, चाळीस बाया, एकही गैरहजर नाही. चाळीस घरांत तीन महिने कुणी आजारी पडलं नाही, कुणाचं लग्न नाही, मयत नाही. शंका पक्की झाली, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे.

फोटो पाहून महिला हवालदार म्हणाल्या, "साहेब, एकाही मशीनला पट्टा नाही. पाय मारला तर चाक नुसतं खालीच फिरंल."

मग मी हजेरीपटावर सही करणाऱ्या प्रशिक्षकाला आणवलं. ठाण्यासमोरच्या शिंप्याकडून मशीन मागवली, दोन पंच बसवले.

"बॉबिन भरून दाखवा," मी म्हणालो.

त्याने मशीनचा खण उघडून पाहिला, मग सुईकडे पाहिलं. "मी थिअरी शिकवतो."

"थिअरीवर ब्लाउज होतंय का, दादा?" हवालदार म्हणाल्या. पंच हसले.

त्याने पाणी मागितलं आणि जबाब दिला. तो चालकाचा मेहुणा, मोबाइल रिचार्जचं दुकान चालवणारा. नव्वद दिवसांच्या सह्या त्याने एकाच दुपारी केल्या होत्या. मेहुण्याचा जबाब समोर ठेवल्यावर चालकही बोलू लागला.

आरोपी अटकेत गेले, पण बाईचं नाव संगणकावर तसंच होतं. जिल्हा कार्यालयातले लिपिक म्हणाले, "निकाल लागू द्या, मग काढू." निकालाला वर्षं लागतात. मी जबाब आणि पंचनाम्याच्या प्रती घेऊन सलग तीन दिवस त्यांच्या साहेबांच्या दारात बसलो. हे माझ्या कामात बसतं का, असं विचारणारे खात्यात होते. तिसऱ्या दिवशी तिचं नाव यादीतून काढल्याचं पत्र मिळालं. प्रवेश शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजता झाला. बाकी एकोणचाळीस नावं निघायला चौदा महिने गेले. तोवर दोघींचं वय योजनेच्या मर्यादेबाहेर गेलं होतं. त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही.

त्यानंतर ठाण्यात आलेल्या माणसाला मी 'काय गेलं?' एवढंच विचारून थांबलो नाही. 'यामुळं तुमचं काय अडलं?' हेही विचारत राहिलो. खरी तक्रार पुष्कळदा तिथं निघते.

मी निवृत्त झालो तेव्हा अनुदानाची वसुली बाकीच होती. त्या बाईला परभणीच्या एका दवाखान्यात काम लागलं. पहिल्या महिन्याचा पगार, साडेआठ हजार रुपये, तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात जमा झाला.