हणमंताच्या जागी मी भरती झालो

दारू सोडवायला मी एका माणसाला घेऊन गेलो आणि आत मीच राहिलो. हसा, हसा. आमच्या पणदऱ्यात लोक अजून हसतायत, त्यात तुमची भर पडली म्हणून माझं काय जाणार आहे? जायचं ते गेलंच आहे.

बारामतीच्या एमआयडीसीत माझं एक लहानसं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो आणि एका मोठ्या कंपनीला लोखंडी रॅक करून देतो. माणसं मोजकीच, पण घर चालतं ते त्या कंपनीच्या कामावर. एक दिवस तिथले सेफ्टीवाले साहेब आले.

"बबनराव, यापुढं आमचं काम करायचं असेल तर वर्कशॉप नशामुक्त पाहिजे. सगळ्या छोट्या सप्लायरना सांगतोय."

"आमचं आहेच की, साहेब," मी म्हणालो.

तेवढ्यात आमचा वेल्डर हणमंत ट्रॉलीखालून बाहेर आला. "रामराम, साहेब," असं म्हणून त्यानं अगदी वाकून नमस्कार केला. साहेबांना नाही हो, साहेबांच्या शेजारच्या ड्रिल मशीनला.

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मी ड्रिल मशीनकडं.

हा हणमंत इंदापूरकडच्या वरकुट्याचा. वेल्डिंग असं करणार की सांधा हुडकून सापडू नये. पण दुपार कलली की त्याचा सांधाही कलायला लागायचा. आदल्याच आठवड्यात ग्राइंडर त्याच्या हातातून निसटला आणि बोटांना चाटून गेला. मी तर त्याला काढूनच टाकणार होतो. साहेब म्हणाले, "काढून टाकलं की झालं नशामुक्त? तो दुसरीकडं जाऊन बोटं तोडून घेईल. उपचाराला न्या. जागा राखून ठेवा. मग आम्ही म्हणू, ह्यांनी खरंच काहीतरी केलं."

संध्याकाळी हणमंताची आईही आली. "मालक, काय बी करा, पर पोराला सोडवा," एवढंच म्हणाली आणि माझ्या पायाकडं वाकायला लागली. वयानं ती माझ्या आईएवढी. मग काय करणार?

इंदापूरच्या अलीकडं एक व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथं मी फोन केला, "आमच्या वर्कशॉपमधनं एकाला घेऊन येतोय." चूक इथूनच सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. नाव सांगितलं नाही.

नेमका तेव्हाच रॅकचा माल जायचा होता. दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. दाढी वाढलेली, शर्टावर ग्रीस, डोळे लाल. त्यात माझी ॲसिडिटी उसळलेली. आणि हणमंत? आईनं त्याला न्हाऊ घालून, तेल लावून, पांढरा शर्ट घालून पाठवला होता. भीतीनं सकाळपासून थेंबाला शिवला नव्हता. गाडीवर मागं बसला तर लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता.

निमगावच्या पुढं माझ्या पाठीला त्याच्या कमरेचं काहीतरी टोचलं. अर्धी क्वार्टर.

"हे काय रं?"

"शेवटची हाय, मालक. तितं जायच्या आदी घ्यावी म्हटलं."

मी ती काढून घेतली आणि फेकून द्यायची सोडून माझ्या पँटच्या खिशात घातली. का? तर रस्त्यात काच पडू नये म्हणून. असली अक्कल माणसाला ऐनवेळी सुचते. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची चाळण केलेली. तीन-चार आदळ्यांत बाटलीचं टोपण ढिलं झालं आणि केंद्राच्या दारात पोचेपर्यंत माझी एक मांडी थंडगार.

मी गाडी लावेपर्यंत हणमंत आत गेला. तिथल्या समुपदेशकांनी त्याला विचारलं, "वर्कशॉपमधून फोन होता, तेच ना तुम्ही?"

"व्हय."

"मग पेशंट कुठंय?"

हणमंत एक शब्दसुद्धा खोटं बोलला नाही. त्यानं नुसतं दाराकडं बघितलं. आणि दारातून मी आलो.

समुपदेशक भले गृहस्थ होते. त्यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. मला वाटलं, कारखानदार म्हणून मान देतायत.

"स्वतःहून आलात ना?"

"अगदी स्वतःहून. कुणी जबरदस्ती केलेली नाही."

"आता मनाची तयारी पक्की आहे?"

"शंभर टक्के," मी म्हणालो. "आणि एक सांगून ठेवतो, साहेब. घरी जायचं म्हटलं तरी सोडायचं नाही. रडणं, शपथा घेणं, मी तसला नव्हेच म्हणणं, सगळं होणार. अजिबात ऐकायचं नाही. दार लावून घ्यायचं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या वर्षांत असं बोलणारा पहिलाच भेटला," ते म्हणाले. मी खूश. दाखवली तिथं सही केली, आत चालत नाही म्हणाले म्हणून मोबाईल काढून दिला, आणि एका दणकट माणसाच्या मागं "खोली बघायला" म्हणून आत गेलो.

खोली चांगली होती. मी म्हणालो, "छान. आता पेशंटला बोलवा."

त्यानं बाहेरून कडी लावली.

पुढचं काय सांगावं? मी ओरडलो, मी तसला नव्हे. तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलंय, असं म्हणाल म्हणून." मी म्हणालो, मी मालक आहे. तो म्हणाला, "हितं सगळे मालकच येत्यात, काका." मी म्हणालो, मी थेंबाला शिवत नाही. त्यानं माझा खिसा चाचपला आणि बाटली बाहेर काढली.

"ती माझी नाही."

"कुणाचीच नसती," तो शांतपणे म्हणाला.

शेवटी मी समुपदेशकांना बोलावून घेतलं आणि म्हणालो, "माझ्या बायकोला फोन लावा. ती सांगेल तेच खरं." ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी.

त्यांचा नियम असा, की घरच्यांशी बोलताना दारूचं नाव काढायचं नाही, माणसं बिथरतात. त्यांनी व्हरांड्यात जाऊन फोन केला. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं दवाखान्यातून फोन आहे, माझ्या ॲसिडिटीचा. डॉक्टर मला वर्षभर चहा सोडा म्हणून सांगत होते. काय बोलणं झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"वहिनी, काका घेतात का हो?"

"घेतात म्हणजे? डोळे उघडले की पहिलं तेच लागतं."

"नाही मिळालं तर?"

"डोकं धरून बसतात. हात थरथरतात. सगळ्यांवर खेकसतात."

"तुम्ही कधी अडवलं नाहीत?"

"मी काय अडवणार? मीच करून देते."

समुपदेशक आत आले ते गंभीर चेहऱ्यानं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वहिनींनासुद्धा आधाराची गरज आहे."

संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवलं. उभं राहून आपलं नाव आणि आपलं व्यसन सांगायचं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी बबन, पणदऱ्याचा. मी दारू पीत नाही." शेजारी एक म्हातारे गुरुजी होते, त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "पहिल्या दिवशी मीपण हेच म्हणालो होतो," ते म्हणाले. खरं सांगतो, रात्री अंथरुणावर पडल्यावर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. वाटलं, आपण कुठंतरी पीत असू आणि आठवत नसेल.

सकाळी सुमन आली. बरोबर हणमंत, खाली मान घालून. त्यानंच पणदऱ्याला जाऊन सगळं सांगितलं होतं. चहाचा उलगडा झाला, समुपदेशकांनी हात जोडले. मी मात्र हणमंतावर धावून गेलो.

"तोंड शिवलं होतं का रं तुझं?"

"भ्या वाटलं, मालक. तुमाला आत न्हेलं, आन् मला म्हनले, तुमी जा. किल्ली गाडीलाच व्हती, मी गाडी काडली. वाटंत दुकान लागलं. तितं थांबलो बी."

"मग?"

"उतरवंना. म्हटलं, मालक आपल्या जागंवर आत बसल्यात आन् आपुन हितं बसायचं व्हय? लय येळ तसाच गाडीवर बसून ऱ्हायलो. मग तुमच्या घराकडं गेलो." त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "आता तुमी जावा. मी ऱ्हातो."

आणि तो आपल्या पायानं आत गेला. त्या दणकट माणसानं कडी लावली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं त्याची म्हातारी उभी राहिली. राग कुठं गेला कळलं नाही.

हणमंत राहिला, सुटला, कामावर आला. दुपारनंतरही त्याचे सांधे आता सरळ येतात. इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला पेढे दिले असते.

पण बबनराव केंद्रात होते, ही बातमी बारामतीभर झाली. सेफ्टीवाले साहेब स्वतः भेटायला आले. "मला वाटलं होतं, तुम्ही एखाद्या कामगाराला न्याल. तुम्ही तर स्वतःपासून सुरुवात केलीत." मी सांगायला गेलो तर म्हणाले, "लाजायचं काय त्यात?" आणि सगळ्या सप्लायरच्या मेळाव्यात माझा सत्कार ठेवला. सहकुटुंब.

स्टेजवर चढताना ठरवलं होतं, आज खरं काय ते सांगून टाकायचं. पण समोर हणमंत बसला होता, शेजारी त्याची आई. खरं सांगायचं म्हणजे बाटली कुणाची होती तेही सांगायला लागणार, चारशे माणसांत. मी गप्प बसलो. साहेबांनी खांद्यावर शाल घातली आणि माईकवरच विचारलं, "बबनराव, साधारण किती घ्यायचात रोज?"

मला त्यातलं माप माहीत असलं तर ना. मी म्हणालो, "असेल, तांब्याभर."

मांडवात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आन् माणूस जिता हाय?"

मी मान खाली घालून जागेवर आलो. पलीकडं बायकांच्या रांगेत सुमन होती. तिच्या शेजारच्या बाईंनी तिचा हात हातात घेतला होता. "वहिनी, इतकी वर्षं कसं हो सोसलंत?"

मला वाटलं, निदान ही तरी सांगेल. सुमननं पदर डोळ्याला लावला. "सोसलं बाई. कुणाला सांगणार?"

घरी येताना मी विचारलं, "अगं, तुला तर ठाऊक आहे, मी कधी थेंबाला शिवलेलो नाही. मग असं का म्हणालीस?"

"त्यांनी दारूचं कुठं विचारलं?" ती म्हणाली. "तुमचं विचारलं."