डाव्या चाकाची थरथर

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. एरवी तो फारसा चढत नाही. पोलीस उपनिरीक्षक म्हणून मी थोडीच वर्षं काढली आणि नोकरी सोडली. त्या काळात ठाण्यात माझी ख्याती 'न बोलणाऱ्या मॅडम' अशीच होती.

दर्यापूरच्या रस्त्यावर, आमच्या हद्दीत, लग्नाला भाड्यानं दिलेली एक जुनी, शौकानं जपलेली पांढरी मोटार फुलांच्या दुकानात घुसली. हार ओवत बसलेल्या बाईचा पाय मोडला. ड्रायव्हरला जागेवरच ताब्यात घेतलं. गाडीचा मालक अकोल्याच्या जठारपेठेतला. तो ठाण्यात आला तोच निकाल घेऊन.

"डुलकी लागली त्याले. तुमी शिकल्यासवरल्या हा मॅडम, ड्रायव्हर लोकायचं काय ऐकता?"

ड्रायव्हरचं म्हणणं एकच होतं. "ब्रेक दाबला का स्टेअरिंग हातात थरथरून राहते. मालकाले सांगतलं होतं. ते म्हने, गाडी म्हातारी हाय, थरथरनच."

"म्हातारा त मीबी हाय," आमचे हवालदार म्हणाले, "पन मी कोनाच्या दुकानात नाई घुसत."

सगळे हसले. ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता. त्याचा परवाना जाणार होता, तुरुंगवासही समोर दिसत होता. वाहन निरीक्षकांनी गाडी आवारातच पुढे-मागे घेऊन पाहिली आणि 'ब्रेक सुस्थितीत' असा अहवाल दिला.

इस्पितळात त्या बाईचा जबाब घेताना मला धागा सापडला. ती म्हणाली, "झोपला नव्हता तो, बाई. डोये फाडून पाहून राहिला होता माह्याकडं. गाडीचंच तोंड हालत होतं."

जिचा पाय मोडला तीच ड्रायव्हरच्या बाजूनं बोलत होती. मी दुसऱ्या तपासणीचं पत्र दिलं. वरिष्ठ म्हणाले, "अहवाल आला आहे ना? कशाला वाढवता?" मला त्यांचा संताप आला. पण पत्र मी मागे घेतलं नाही.

तपासणी या वेळी मोकळ्या रस्त्यावर झाली. निरीक्षक चालवायला, मालक त्यांच्या शेजारी, मी दोन पंचांसह मागे. सुरुवातीचे काही ब्रेक नीट लागले. मालक आरामात टेकून सांगत होता, "पाहा साहेब, लोण्यासारखी चालते." हळूहळू ब्रेक तापले. निरीक्षकांनी वेग वाढवला. पुढे शेळ्यांचा कळप रस्त्यात उतरला आणि त्यांचा पाय ब्रेककडे गेला.

मालक ओरडला, "ब्रेक नोका दाबू साहेब! गिअर पाडा! गिअरवर घ्या!"

निरीक्षकांनी ब्रेक दाबलाच. स्टेअरिंग त्यांच्या हातात अक्षरशः नाचलं, काचा खडखडल्या, गाडीचं तोंड डावीकडे ओढलं गेलं. शेळ्यांच्या अलीकडे कशीबशी गाडी थांबली. मी पंचांना म्हटलं, "यांनी आत्ता काय सांगितलं, ते पंचनाम्यात घ्यायचं आहे."

चाकं काढल्यावर कारण दिसलं. पुढच्या चाकांना मागाहून डिस्क ब्रेक बसवलेले होते. उजवी डिस्क सरळ फिरत होती. डावीला मापक लावलं तर काटा दर फेऱ्याला हेलकावे खाई. डिस्क वाकली होती. पण एकच का?

ठाण्यात जबाब देताना मालकानंच सांगितलं. गाडी लग्नाहून परतली की त्याची आई दारात येऊन चाकावर तांब्याभर पाणी घाली, पूर्वी बैलांच्या पायांवर घालत तसं. दाराच्या बाजूला डावं चाक येई. तापलेल्या लोखंडावर दर वेळी थंड पाणी.

"मंग आता माह्या मायले आरोपी करता काय?" तो तावातावानं म्हणाला.

"पाणी कोणी घातलं, हे मी विचारतच नाही," मी म्हटलं. माझा आवाज पार बाहेर ठाणे अंमलदारापर्यंत गेला असावा. "स्वतः चालवताना तुम्ही गिअरवर वेग कमी करत होता. म्हणजे धोका ठाऊक होता. मग ड्रायव्हरला 'गाडी म्हातारी आहे' असं सांगून का फसवलंत?"

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मीच मूर्ख आहे.

"खरं सांगतलं असतं, त तो गाडी घेऊन गेला असता काय?"

दोषारोपपत्रात आरोपी म्हणून मालकाचं नाव गेलं, ड्रायव्हर साक्षीदार झाला. मालकाला जामीन मिळायला वेळ लागला नाही. फुलवाली मात्र मांडी घालून बसू शकेना. हार आता तिची सून ओवते.

जामिनानंतर कोर्टाच्या आवारात मालकानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं जाऊ दे बाप्पा. दुसरी गाडी हाय, उद्यापासून ये."

ड्रायव्हरनं तो हात बाजूला केला. "येतो ना मालक. शेजारी तुमी बसान काय?"

मालक वकिलाकडे वळला.

कोणी छातीठोकपणे 'काही धोका नाही' म्हणालं की आता मी आधी पाहते, तो स्वतः कुठे बसला आहे. तपासाच्या पुस्तकात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे पाहायला गणवेशही लागत नाही.