चाचांच्या मुंबईत

"हालू नोको भाऊ, फ्रेममंदी हायेस तू!" असं म्हणत आमचे शेजारचे गादीवाले चाचा दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून एका डोळ्यानं माझ्याकडे बघत. मी तेव्हा बहुधा दळण घेऊन चाललेला असे.

सिनेमावेडा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या चाचांनी मात्र खरंच सिनेमा काढला. तरुणपणी ते मुंबईत एका पुलाखाली दोस्तांसोबत राहत. तापानं फणफणले, तेव्हा एका दोस्तानं पाठीवर घेऊन त्यांना दवाखान्यात पोचवलं. बरे होऊन परतले, तर पुलाखाली कोणीच नाही.

"गाव कोणतं त्याचं?" मी विचारलं.

"फुटपाथवर कोनी कोनाले गाव नाही पुसत, भाऊ. पन मी जित्ता हावो, हे त्याले दिसलं पाह्यजे."

म्हणून सिनेमा. मोबाइलवर. आमच्या दिग्रसच्या कापूस-जिनिंगमागचा रस्ता म्हणजे मुंबई. उन्हात कापसाचं तूस उडे आणि समुद्रावरून धुकं आल्यासारखं वाटे. त्या धुक्यात उपाशी, हडकुळा दोस्त म्हणून उभा कोण? मी!

"चाचा, पोटाचं काय करू?"

"दिलानं बारीक हो."

"त्यासाठी ह्यायले दुसरा जलम लागते," माझ्या तोंडाला राख फासता फासता बायको म्हणाली. मेकअप तिच्याकडे होता.

सिनेमा या फोनावरून त्या फोनावर फिरला. दोस्ताचा पत्ता नाही. शेवटी चाचा दुकानाला कुलूप लावून स्वतःच मुंबईला गेले.

मग एका दुपारी आमच्या दारात एक वाळलेला म्हातारा उभा. मला न्याहाळून म्हणाला, "मी इतका जाड कधी झालो?"

मी हातातला घास ताटात ठेवून उठलो. "तुम्ही... इथं कसे पोचलात?"

"तुमच्या मुंबईतून दिग्रस-पुसद एसटी गेली की!"

सिनेमात माझ्या पाठीमागून ती अख्खी बस गेली होती. रोजचीच; आमच्यापैकी कोणाच्या नजरेत आलीच नाही.

मी चाचांना फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडून नुसते हॉर्न ऐकू येत होते.

"पुलाखालीच आहेस ना?" म्हातारा म्हणाला. "तिथंच थांब. मी येतो."

बायकोनं टाकलेला चहाही न घेता तो निघाला.

चाचा अजून परतलेले नाहीत. अधूनमधून मी फोन लावतो. दोघांपैकी कोणीतरी उचलतं आणि हसतं. कोण ते आवाजावरून कळत नाही. मी विचारतही नाही.