चिंधीच्या वर चिकू

मी दोन वर्षं चिकू समजून रायणीला पाणी घातलं. त्याआधी चिकू मीच कात्रीने छाटून टाकला होता. एक नाही, सहाच्या सहा.

डहाणूच्या रिक्षा जिथून परत फिरतात, तिथून थोडं आत वडिलांच्या वाटणीची पाऊण एकर जमीन होती. २०१४ साली निवृत्त झालो आणि तिथे दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. बायकोची नोकरी अजून पाच वर्षं होती. ती संपल्यावर तिने बोरिवलीचा फ्लॅट सोडून इथे यावं, एवढंच मला हवं होतं.

तिने अट घातली. "गॅलरीतली तुळस तुमच्या हातून तीनदा मेली. मी रिटायर होईपर्यंत तुम्ही लावलेल्या झाडाला एक फळ दाखवा. मग येते."

मी चिकूची सहा कलमं आणून अंगणापुढे लावली. आमच्याकडे चिकूचं कलम रायणीच्या, म्हणजे एका चिवट रानझाडाच्या, खुंटावर बांधतात. खाली रायण, वर चिकू, मध्ये सांधा. सांध्याखाली फूट आली की लगेच मोडायची, हे डहाणूत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझं नाक स्वच्छ होतं, तिथेच घोटाळा झाला. खालची फूट टवटवीत, वरचा चिकू मरगळलेला. म्हटलं, या दुबळ्याने त्या बिचाऱ्याचं का खावं? वरचं उडवलं. फोन करून बायकोला "छाटणी केली" असं ऐटीत सांगितलंसुद्धा.

२०१६ मध्ये पलीकडच्या पाड्यावरच्या मावशी गवत काढायला आल्या.

"शेट, रायणी बऱ्या धरल्यात."

"मावशी, चिकू आहेत ते."

त्यांनी एक पान तोडून माझ्या नाकासमोर धरलं. "ह्यो चिकू? मंग मी कलेक्टर."

"बरं, रायणीला फळ कधी येईल?"

"नातवाला इचारा."

तीन वर्षं उरली होती. दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली. पाच रायणी काढल्या, एक दारापाशी ठेवली. रोज बघून लाज वाटावी म्हणून. कोसबाडच्या कृषी केंद्रात जाऊन कलमं कशी जपायची ते शिकून आलो. नवी कलमं लावली आणि प्रत्येकाच्या सांध्यावर लाल चिंधी सैलसर बांधली. चिंधीच्या खाली जे उगवेल ते मोडायचं, वरच्याला हात लावायचा नाही. मार्चपासून बोअरिंगला नुसती हवा यायची, तेव्हा मावशींच्या पाड्यावरून बादल्या वाहिल्या. कंबर धरली, तर पट्टा बांधून वाहिल्या.

२०१९ मध्ये बायको बॅग घेऊन आली. एका कलमाला चार चिकू लटकत होते. तिने एकेक हातात धरून पाहिला, बाजारातून आणून टांगलेत की काय म्हणून देठही तपासले. मग बॅग उचलून घरात नेली.

"अट म्हणजे अट," बाहेर येत ती म्हणाली. "पण या लाल चिंध्या कसल्या? दृष्ट लागू नये म्हणून?"

"हो, हो," मी म्हणालो.

गवत काढणाऱ्या मावशींनी विळा खाली ठेवला आणि पहिल्या कात्रीपासून सगळं सांगितलं. शेवटी बायकोकडे वळून म्हणाल्या,

"बाई, तुमीबी गळ्यात लाल चिंधी बांधा. नायतर शेट तुमाला छाटून दुसरीलाच पानी घालंल."